वीज जावी म्हणून

ठकूच्या यंत्राची घरघर थांबली की आमच्या घरात सगळ्यांत आधी कळतं ते सासूबाईंना. एरवी त्यांना दारावरची बेल ऐकू येत नाही, मी स्वयंपाकघरातून मारलेली हाक ऐकू येत नाही, आणि लेकाचं बोलणं तर त्याचं लग्न झाल्यापासून ऐकू येणं बंदच झालंय. पण ती घरघर थांबली की हातातलं टाकून उठतात. पाळण्याजवळचा छोटा सिलिंडर पुढे ओढतात, नळी इकडची तिकडे जोडतात, ठकूच्या छातीवर पंजा ठेवून बघतात आणि मगच मला म्हणतात, "गेली बघ तुझ्या ऑफिसची वीज."

ठकू म्हणजे माझी मुलगी. दिवस भरायच्या आधीच आली. "इतकी घाई की फुप्फुसं मागेच विसरली," असं तिचा बाबा सांगतो, आणि सांगून झाल्यावर खिडकीकडे बघत बसतो. फुप्फुसं वाढतील, असं डॉक्टर म्हणाले होते. तोवर हवेतला ऑक्सिजन गोळा करून देणारं ते यंत्र अखंड चालू ठेवायचं. स्टुलाएवढं खोकं, त्यातून निघालेली वातीसारखी नळी आणि नळीच्या टोकाला आमची ठकू. नळी गालाला चिकटवायच्या पट्ट्या मी कापते, आणि त्यांच्यावर सासूबाई पेनाने चिमण्या काढतात. नुसती पट्टी लावली तर पोरगी आजारी दिसते, असं त्यांचं म्हणणं.

आणि माझ्या ऑफिसची वीज म्हणजे काय, तेही सांगते. मी शहराच्या नियोजन खात्यात आहे. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना चार्जिंगचे पॉइंट कुठे द्यायचे, हे आमचा विभाग ठरवतो. रस्त्यावर गाड्या किती, उभं राहायला जागा किती, आणि मुख्य म्हणजे त्या गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरला आणखी किती भार झेपेल. भार मोजायला आमची माणसं जातात ती ऑफिसच्या वेळात, म्हणजे भर दुपारी. दुपारी आमच्या गल्लीत असतं कोण? म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं. त्यामुळे नकाशावर आमची गल्ली हिरवीगार, म्हणजे भार शिल्लक असलेली, दिसली आणि कोपऱ्यावर आठ गाड्यांचा पॉइंट बसला. त्या बैठकीत मीही होते. संध्याकाळी सगळी घरं परत येतात, विजेच्या शेगड्या आणि गिझर एकदम लागतात, आणि नेमकी तेव्हाच टॅक्सीवाल्यांची पाळी बदलते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण ते मोजमापात नव्हतं, म्हणून ते नव्हतंच.

पॉइंट सुरू झाला आणि संध्याकाळची वीज जायला लागली. वायरमन यायचा, फ्यूज बसवायचा, तारा जुन्या आहेत म्हणायचा आणि जायचा. घरात इन्व्हर्टर होता, त्याची बॅटरी या रोजच्या मारामारीत बसली. नवी "परवा नक्की" येणार होती आणि तो परवा काही उजाडत नव्हता. ठकूचा बाबा लिफ्टदुरुस्तीचं काम करतो. म्हणजे वीज गेली की आम्हाला त्याची जेवढी गरज, तेवढीच दोन मजल्यांच्या मध्ये लटकलेल्या कुणालातरी असते, आणि फोन आधी तिकडचा वाजतो. एकदा तो जिन्यात उभा राहून रडला होता. मग डोळे पुसून पाने-पकडी घेऊन गेला.

मी साहेबांकडे गेले. साहेब माणूस वाईट नाही. त्यांनी मला बसवलं, पाणी मागवलं, ठकूचं वजन विचारलं. पण नियम तो नियम. चार्जिंगचा पॉइंट हवा सगळ्यांना असतो, फक्त शेजाऱ्याच्या दारात. म्हणून आम्हीच ठरवलं होतं की कुणाच्याही तोंडी तक्रारीवर पॉइंट हलवायचा नाही. तक्रार आली की खांबाला मोजणीची पेटी लावायची, आठवडाभर भार मोजायचा, आणि तो मर्यादेबाहेर गेला तरच हलवायचा. आणि तक्रार खात्यातल्याच बाईची असेल तर जास्तच सांभाळून, हे साहेब बोलले नाहीत, पण मला ऐकू आलं. "आठवडाच तर आहे," एवढं मात्र म्हणाले. "आकडा दिसला की मी त्याच दिवशी सही करतो."

पेटी लागली, आणि त्या संध्याकाळी वीज गेली नाही. दुसऱ्या संध्याकाळीही नाही. तिसऱ्या संध्याकाळी मी सिलिंडरकडे न बघता जेवले. कढत जेवले. ठकूने पाळण्यात स्वतःचा अंगठा शोधला, हरवला, पुन्हा शोधला, आणि आम्ही तिघं समोर बसून नाटक बघावं तसं ते बघत राहिलो. मला इतकी गाढ झोप लागली की सकाळी जाग आल्यावर मी कोण, हे आठवायलाही थोडा वेळ गेला. आठवड्याचे दिवस सरत आले तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तोही कसला. वीज जातच नसेल, तर पेटीत दिसणार काय?

ऑफिसातून येताना मी कोपऱ्यावर थांबले. आठही जागांवर गाड्या लागलेल्या होत्या, पण वायरी जोडलेल्या दोनच गाड्यांना. बाकीचे टॅक्सीवाले फुटपाथवर बसून होते, आणि पाठीमागे हात बांधून एक पिकल्या केसांचे गृहस्थ रांगेतून फिरत होते. यांना सगळे हेडमास्तर म्हणतात. टॅक्सीच चालवतात, पण पॉइंटवरची भांडणं त्यांच्यापाशी मिटतात, म्हणून हे नाव. त्यांनी मला ओळखलं, आणि मोठ्या अभिमानाने सांगितलं, "काळजी करू नका ताई. दोनापेक्षा जास्त गाड्या एका वेळी लावायच्या नाहीत, असं मी सगळ्यांना बजावलंय. मावशी येऊन गेल्या होत्या."

मावशी म्हणजे सासूबाई. पेटी लागली त्याच दिवशी त्या काठी टेकत कोपऱ्यावर गेल्या होत्या. ठकूचा फोटो दाखवला होता. आमची सून ऑफिसात आहे, आठवड्याने हा पॉइंट इथून हलणारच आहे, तेवढा एक आठवडा माझ्या नातीला सांभाळा, असं सांगून आल्या होत्या. आणि या माणसांनी सांभाळलं होतं. संध्याकाळची ऐन कमाईची वेळ फुटपाथवर बसून घालवली होती. मी हात जोडले. आभार मानले आणि घरी येऊन सासूबाईंच्या समोर बसले. पॉइंट वीज गेली तरच हलणार आहे, हे त्यांना समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे हे तर हात दाखवून अवलक्षण झालं की गं. पण पोरीचा श्वास थांबल्याशिवाय तुमच्या लोकांना पटत नाही, हे मला म्हातारीला कसं कळावं?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला स्वतःहून बोलावलं. भार अगदी मर्यादेत होता. इतका मर्यादेत, की तिथे आणखी चार गाड्यांची सोय होऊ शकते असा शेरा त्यांनी आधीच मारून ठेवला होता. मी सगळं सांगितलं. सासूबाई, फोटो, दोन-दोन गाड्या, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "मग प्रश्न सुटलाच की," ते म्हणाले. "त्यांना तसंच करू दे."

जगाच्या अंतापर्यंत टॅक्सीवाल्यांनी माझ्या मुलीसाठी फुटपाथवर बसावं, असा तो तोडगा होता. पेटी उतरायला एकच संध्याकाळ उरली होती.

मी हेडमास्तरांकडे गेले. काय मागायचं ते माहीत होतं, पण जिभेवर येईना. शेवटी म्हटलं, आज सगळ्या गाड्या एकदम लावा. आणि बॅटऱ्या जेवढ्या रिकाम्या करून आणता येतील तेवढ्या आणा, म्हणजे भार जास्तीत जास्त वेळ राहील. ते माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे वीज घालवायची?" मी मान हलवली. "आणि पोर?" सिलिंडर आहे, मी म्हटलं, वायरमन येईपर्यंत पुरतो, आजवर पुरलाय. मग त्यांनी त्यांच्या कामाचं विचारलं. पॉइंट इथून हलला तर आमचं काय? तुम्हाला दुसरी जागा मिळेल, असं मी म्हटलं. ती कुठे, कधी, हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनीही विचारलं नाही. माझ्या शब्दावर विश्वास टाकला.

त्या दिवशी ठकूला सर्दी झालेली होती. नाक चोंदलेलं, म्हणून डॉक्टरांनी फोनवर ऑक्सिजन थोडा वाढवायला सांगितला होता. संध्याकाळपुरतं तिला दुसरीकडे न्यावं असं बाबा म्हणत होता, पण कुठे? मागच्या वेळी बाहेर काढली तर तापाने फणफणली होती, आणि ओळखीच्या ज्या एका घरी यंत्र ठेवता आलं असतं तिथली दोन्ही मुलं खोकत होती. उद्या करू, असं म्हणायची सोय नव्हती. उद्या पेटी नव्हती.

संध्याकाळ झाली. मी ठकूला मांडीवर घेऊन यंत्राशेजारी बसले. सासूबाई सिलिंडरपाशी, हात चावीवर. बाबा खिडकीत उभा राहून बातम्या देत होता. चार गाड्या लागल्या. सहा लागल्या. आठही लागल्या. दिवा किंचित मंद झाला, आणि तसाच राहिला. आम्ही वाट बघितली. जो दिवा गेला की आम्ही रोज सिलिंडरकडे धावायचो, तो जावा म्हणून मी मनात धावा करत होते, आणि मांडीवर ठकू माझं बोट घट्ट धरून होती. आई म्हणून यापेक्षा खाली माणूस जाऊ शकत नाही, असं मला तेव्हा वाटलं. पुढचे तास अजून यायचे होते.

"मेली रोज न बोलावता जाते, आणि आज बोलावलंय तर नखरे करतेय," सासूबाई म्हणाल्या आणि उठून आमचा गिझर लावला. इस्त्री लावली. शेगडीवर नुसतंच पाणी ठेवलं. मग दार उघडून जिन्यात उभ्या राहिल्या आणि शेजारणींना हाका मारल्या. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी ओव्हन लावला, समोरच्यांनी दोन हीटर. ज्यांना कारण नीट कळलं नव्हतं त्यांनीही लावलं. घराघरांतून मिक्सर रिकामे फिरत होते. मला हसू यायला लागलं आणि थांबेना, आणि त्या हसण्यातच बाहेर धाडकन आवाज झाला.

रोज वीज जायची ती गुपचूप जायची. या वेळी कोपऱ्यावर निळा जाळ दिसला. मग यंत्राची लांब शिट्टी.

सासूबाईंनी नळी जोडली. ठकूने एकदा डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं, पुन्हा मिटले. बाबाचा फोन वाजत होता. शेजारच्या इमारतीत लिफ्टमध्ये एक बाई आणि तिची आई अडकल्या होत्या, आईला दम्याचा त्रास होता. तो माझ्याकडे बघत राहिला. मी "जा" म्हटलं नाही. ते सासूबाईंनी म्हटलं, आणि तो गेला.

वायरमन आला, खांबाकडे नुसतं वर बघून परत फिरला. फ्यूज नाही, ट्रान्सफॉर्मरच जळालाय. नवीन येईपर्यंत काही नाही, आणि नवीन आज येत नाही. हे कळलं तेव्हा मी सिलिंडरच्या काट्याकडे बघितलं. वाढवलेल्या ऑक्सिजनने तो रोजच्यापेक्षा भरभर उतरत होता. मी कमी करून बघितला. ठकूच्या बरगड्यांमध्ये खड्डे पडायला लागले. पुन्हा वाढवला. रुग्णवाहिकेला फोन केला. निघालीय म्हणाले, पण चौकातले सिग्नल बंद पडलेत, तिथे सगळं तुंबलंय, वेळ सांगता येत नाही. आमच्याच गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरवर ते सिग्नल चालत होते. नकाशात तेही होतं.

मी ठकूला छातीशी धरून खाली उतरले. मागे सासूबाई सिलिंडर कवटाळून एकेक पायरी उतरत होत्या, कारण आम्हा तिघींना जोडणारी नळी हातभरच होती. कोपऱ्यावर आठ टॅक्सी उभ्या होत्या, सगळ्या रिकाम्या. रिकाम्या करून आणा, असं मीच सांगितलं होतं. टॅक्सीवाले खाली माना घालून एकेकाच्या गाडीतला बॅटरीचा आकडा बघत होते. हेडमास्तरांनी सर्वांत आधी गाडी लावली होती, त्यामुळे तिच्यात काय ते थोडंसं भरलं होतं. त्यांनी दार उघडलं. "बसा," एवढंच म्हणाले.

त्यांनी आतला दिवा बंद ठेवला, पंखा बंद ठेवला. चौक टाळून गल्लीबोळातून घेतली. ब्रेक लावायला लागू नये म्हणून ते लांबूनच माणसांना हात दाखवत होते. गाडी इतकी हलकी चालवत होते, जशी झोपलेल्या माणसाच्या अंगावरून चादर ओढावी. त्यांच्या समोर बॅटरीची केशरी खूण लागली, मग लाल झाली. सासूबाई काटा बघत होत्या, मी ठकूचे ओठ बघत होते. एकीने दुसरीला काय दिसतंय ते विचारलं नाही. मी ठकूला सांगत होते की बघ, ही गाडी बघ, आवाज करत नाही की धूर सोडत नाही, तुझ्यासारख्या बाळांसाठीच या गाड्या आणायच्यात गं आम्हाला. हे मी बैठकांमधून खूपदा बोलले होते. खोटं नव्हतंच ते. पण तिचे ओठ जांभळट व्हायला लागले होते.

रुग्णालयाच्या दाराचा चढ लागला आणि गाडी अर्ध्यावर थांबली. मी दार उघडून पळाले. सासूबाई पळू शकत नाहीत. त्यांनी सिलिंडर हेडमास्तरांच्या हातात दिला आणि ते माझ्याबरोबर पळाले, हातभर अंतरावरून, पावलाला पाऊल जुळवत.

ठकूला आत घेतलं. तिच्याभोवती इतकी माणसं जमली की मला तिचा एक पाय तेवढा दिसत होता. मग पडदा ओढला. थोड्या वेळाने एक डॉक्टर बाहेर आल्या. रंग परतलाय, पण खूप दमलीय, श्वासाची नळी घालावी लागतेय, सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही. मी पाय विचारला. त्यांना कळलं नाही. पाय गार होता का, मी पुन्हा विचारलं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आत गेल्या.

बाहेरून पहारेकऱ्याचा आवाज येत होता. टॅक्सी कुणाची, वाटेत उभी आहे, मागे रुग्णवाहिका खोळंबलीय. मी बाकावरून उठले. आत मला करण्यासारखं काही नव्हतं, आणि काही न करता बसणं जमत नव्हतं. सासूबाईंना पडद्यापाशी बसवून मी बाहेर गेले. बाबा नुकताच पोचला होता, हातांना लिफ्टचं काळं ग्रीस. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. आहे, मी म्हटलं. आत आहे. तो भिंतीला टेकला, मग सरळ झाला आणि गाडीच्या मागे येऊन उभा राहिला. इथे चार्जिंगचा पॉइंट आहे का, असं हेडमास्तर पहारेकऱ्याला विचारत होते. तो हसला. रुग्णालयाच्या रस्त्यावर भार शिल्लक नव्हता, म्हणून आम्ही तो रस्ता सोडून दिला होता.

आम्ही ढकलायला लागलो. हेडमास्तर दारातून हात घालून चाक वळवत होते, मी आणि बाबा मागे. तेवढ्यात माझा फोन वाजला. साहेब होते. पेटीचे आकडे त्यांना घरबसल्या दिसतात.

"अहो, अभिनंदन," ते म्हणाले. त्यांना खरोखरच आनंद झाला होता. "आलेख एकदम सरळ वर गेलाय. असा पुरावा मी नोकरीत पाहिला नाही. मी सही केली. तुमच्या गल्लीतला पॉइंट आजपासून बंद."

मी विचारलं, गाड्यांना दुसरी जागा कुठे? ते पुढच्या टप्प्यात बघू, ते म्हणाले. निधीचं बघावं लागेल. मग त्यांनी ठकूचं विचारलं. मी फोन ठेवून दिला.

हेडमास्तर चाकावरचा हात न काढता माझ्याकडे बघत होते. काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. पॉइंट बंद झाला, मी सांगितलं.

"आणि आमची जागा?"

मी गाडीच्या पाठीला दोन्ही तळवे लावून उभी होते. मागे रुग्णवाहिकेचा दिवा गरगरत होता, आणि तिच्यातही कुणीतरी होतं. मला खोटं बोलता आलं असतं, आधी बोलले होते तसं. नाही, मी म्हटलं. जागा नाही.

त्यांनी चाक घट्ट धरलं आणि पुढे वाकले.

"जरा जोर लावा ताई," ते म्हणाले. "चढ आहे."